वाचकांचे प्रश्न : सुरांनी उघडणारी दारे

गेल्या अंकात जुन्या संगणकीय खेळांविषयी जे टिपण आले होते, त्यात १९९० सालच्या ‘लूम’ या खेळाचा ओझरता उल्लेख होता. त्यावर आलेली पत्रे बहुतेक कोकणातून आली असून, त्यांतल्या अनेकांना खेळापेक्षा त्यातल्या सुरांविषयी अधिक विचारायचे आहे. त्यामुळे यावेळचे सदर आम्ही या एकाच खेळाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर, विणकरांच्या एका बेटावर वाढलेल्या बॉबिन थ्रेडबेअर नावाच्या मुलाची ही कथा आहे. त्याच्या सतराव्या वाढदिवशी बेटावरची वडीलधारी मंडळी हंस होऊन उडून जातात आणि सूत कातताना लोकर गुंडाळून ठेवतात तशी एक जादूची काठी त्याच्या हाती येते. या काठीतून आठ सूर निघू शकतात, आणि त्यांपैकी चार सूर ठरावीक क्रमाने वाजवले की काहीतरी घडते : बंद वस्तू उघडते, भरलेले भांडे रिकामे होते, पांढरे कापड रंगते. बॉबिनजवळ ना शस्त्र, ना सामानाची पिशवी. जे करायचे ते सुरांनीच करायचे.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि डबलबारीलाही बसतो. मुलाने ‘लूम’ दाखवला तेव्हा सूर ऐकून हात आपोआप पेटीकडे गेला, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरे येतात आणि ती मला उमजत नाहीत. माझी पट्टी काळी दोन आहे. हे सूर पेटीवर कसे बसवावेत? — एक भजनी बुवा, कणकवली

उत्तर : बुवा, आपला हात योग्य ठिकाणीच गेला. खेळातली आठ अक्षरे म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीतल्या सी मेजर या सप्तकाचे आठ सूर आहेत, आणि तो सी म्हणजे आपल्या पेटीवरची पांढरी एक. तेव्हा पांढरी एकला षड्ज मानून सगळे शुद्ध स्वर घ्यावेत. म्हणजे बिलावल थाटाचे सप्तक, तार षड्जासह, आपल्यासमोर उभे राहील. यात एकही काळी पट्टी लागत नाही, कोमल किंवा तीव्र स्वर कुठेच येत नाही. अक्षरे ओळीने सी, डी, ई, एफ, जी, ए, बी अशी आहेत आणि ती अनुक्रमे सा, रे, ग, म, प, ध, नी अशी वाचायची. शेवटचे मोठ्या लिपीतले सी म्हणजे तार षड्ज.

आपण नेहमी काळी दोनमध्ये गाता, त्यामुळे पहिल्यांदा कानाला थोडे परके वाटेल. पण चार सुरांची सुरावट ओळखताना पट्टीला महत्त्व नसते, एका सुरापासून दुसरा किती अंतरावर आहे यालाच असते. खेळात वस्तू उघडण्याची सुरावट ई, सी, ई, डी अशी आहे. आपल्या भाषेत ती ग, सा, ग, रे झाली. ती काळी दोनमध्ये गायलीत तरी सुरावट तीच राहील. खेळ मात्र आपली पट्टी बदलत नाही, म्हणून पडद्यावरचा आवाज आणि पेटीचा आवाज एकत्र ऐकून तपासायचा असेल तेव्हाच पांढरी एकला बसावे. पेटी आणि संगणक या दोन्हींची स्वरस्थाने समान अंतराच्या पाश्चात्त्य मापाने लावलेली असतात. त्यामुळे पेटी नीट लागलेली असेल तर दोघांचे सूर जुळायला अडचण येऊ नये.

आपल्यासारख्या जाणकारास या खेळातली सर्वांत रोचक गोष्ट वेगळीच वाटेल असे मला वाटते. इथे बहुतेक सुरावटी उलट्या वाजवल्या की त्यांचा परिणामही उलटा होतो. ग सा ग रे ने दार उघडते, तर रे ग सा ग ने ते बंद होते. अलंकार आणि पलटे घोटणाऱ्या माणसाला सूर उलट क्रमाने घेण्याचे नवल वाटणार नाही, पण सूर तेच असूनही दोन्ही वाक्यांचा भाव किती वेगळा होतो हे आपण एकदा स्वतः वाजवून ऐकावे. पहिली सुरावट रिषभावर येऊन थांबते, तिला पुढे जायचे असते. दुसरी गंधारावर टेकते आणि तिथे बरीचशी मिटल्यासारखी वाटते. रचनाकाराने हे जाणून केले असेल किंवा नसेल, पण खेळताना त्याचा उपयोग होतो : कोणती उघडण्याची आणि कोणती मिटण्याची, हे डोक्याने आठवावे लागत नाही.

यातून एक अडचणही निघते. सा रे रे सा यासारखी सुरावट मागून वाचली काय किंवा पुढून वाचली काय, सारखीच राहते, म्हणून अशा सुरावटीला उलटा परिणाम असूच शकत नाही. आठ सुरांतून चार सुरांची वाक्ये एकूण ४०९६ होतात आणि त्यांतली ६४ अशी दोन्ही बाजूंनी सारखी असतात. काठीतून सुरुवातीला सा, रे, ग एवढेच सूर निघतात, तेव्हा चार सुरांची एकूण वाक्ये ८१ च होतात. खेळ पुढे सरकतो तसे एकेक सूर वाढत जातात. एखादी गोष्ट ऐकून समजली तरी तिचा पंचम किंवा धैवत अजून काठीत आलेला नसतो आणि तोवर थांबावे लागते. पेटीवर बोट बसवायला शिकणाऱ्या मुलाला गुरुजी आधी तीनच पट्ट्या देतात, त्याचीच ही रीत आहे. सगळ्या शक्यता चाचपून पाहण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. तो मार्ग बंद नाही, पण त्यात ऐकणे राहत नाही.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. तिने मैत्रिणीच्या भावाने लिहून दिलेल्या सुरावटी वाजवल्या, पण एकदोन वगळता कशाचाच उपयोग होत नाही. संगणकात बिघाड असेल का? — एक पालक, दापोली

उत्तर : संगणक ठीक आहे. नवा खेळ सुरू करताच बहुतेक सुरावटींचे सूर नव्याने ठरतात, त्यामुळे एकाची उत्तरे दुसऱ्याला चालत नाहीत. उघडण्याची सुरावट मात्र प्रत्येक वेळी तीच असते, म्हणून तिला जे एकदोन यश मिळाले ते तिथेच मिळाले असावे. मैत्रिणीच्या भावाची वही बाजूला ठेवून मुलीने स्वतःची वही करावी. १९९० साली विकल्या गेलेल्या खोक्यात ‘बुक ऑफ पॅटर्न्स’ नावाची पुस्तिका असे आणि तिच्यात पेन्सिलीने सूर लिहायला मोकळ्या जागाच ठेवलेल्या होत्या. त्या पुस्तिकेतला काही मजकूर लाल काचेसारख्या पातळ पट्टीतूनच वाचता येई, कारण बेकायदा प्रती काढणाऱ्यांना थोपवायचे होते.

चुकीची सुरावट वाजवली तर काही बिघडत नाही, हेही मुलीला सांगावे. त्या काळातल्या पुष्कळ साहसखेळांत एक चुकीची खेळी केली की नायक मरे किंवा खेळ असा अडकून बसे की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. ‘लूम’ बनवणाऱ्या लुकासफिल्म गेम्सने असे सापळे टाळण्याचे धोरण ठेवले होते. हा त्यांच्या स्कम या खेळ बनवण्याच्या यंत्रणेवर उभा राहिलेला चौथा खेळ. पहिला १९८७ सालचा ‘मॅनियाक मॅन्शन’. आधीच्या तिन्ही खेळांत पडद्याच्या खाली ‘उघड’, ‘उचल’, ‘दे’ अशा क्रियापदांची यादी असायची. ‘लूम’चे रचनाकार ब्रायन मोरियार्टी यांनी ती यादीच काढून टाकली आणि तिच्या जागी काठी ठेवली. पूर्वी ते इन्फोकॉम या कंपनीत केवळ मजकुरावर चालणारे खेळ लिहीत असत. शब्दांत मुरलेल्या माणसाने शब्दांची यादी पुसून टाकावी यात मला एक गंमत दिसते.

प्रश्न : मी शाळेत संगीत शिकवते. कानाची तयारी करून घेण्यासाठी हा खेळ वर्गात दाखवावा असे मनात आहे. खेळात तीन पातळ्या आहेत असे समजते, तर त्यांतली कोणती घ्यावी? माझ्या वर्गात एका विद्यार्थ्याला कमी ऐकू येते, त्याला यात सामावून घेता येईल का? — एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : बाई, दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. खालच्या पातळ्यांवर काठीवर सुरांच्या जागा दाखवलेल्या असतात आणि एखादी वस्तू सूर काढू लागली की कोणता सूर वाजला हे डोळ्यांनाही दिसते. सर्वांत सोप्या पातळीवर हा आधार सर्वाधिक मिळतो. सर्वांत अवघड पातळीवर तो काढून घेतलेला असतो आणि सगळे काम कानांवर येते. म्हणून आपण वर्गात सुरुवात खालच्या पातळीवर करावी, पण एक युक्ती योजावी : पडद्यावर कागद धरून सूर आधी मुलांना ऐकवावे, सा रे ग म मध्ये लिहून घ्यावे आणि मग कागद काढून ताळा पाहावा. ज्याला कमी ऐकू येते त्या विद्यार्थ्याकडे कागदामागचे पाहण्याचे आणि बाकीच्यांचे उत्तर तपासण्याचे काम द्यावे. त्याला एकट्याने खेळायचे असेल तर खालच्या पातळीवर तो हा खेळ शेवटापर्यंत नेऊ शकतो. वरची पातळी मात्र त्याच्यापुढे ठेवू नये.

कानाच्या तयारीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मला या खेळाचे खरे मोल तिथेच दिसते. संगणकीय खेळात संगीत बहुधा मागे वाजत असते. ते बंद केले तरी खेळणाऱ्याचे काही अडत नाही. इथे आवाज बंद करून वरच्या पातळीवर एक पाऊलही टाकता येत नाही, कारण सूर हेच क्रियापद आहे. झाडाच्या ढोलीतली घुबडे घुत्कार करतात आणि अंधारात पाहण्याची सुरावट त्या घुत्कारांतूनच ऐकायची असते. गवताचे सोने कसे होते हे चरख्याकडून कळते. म्हणजे मुलाला चार सूर ऐकायचे, लक्षात ठेवायचे, त्यांच्यातली अंतरे ओळखायची आणि ते स्वतः वाजवून दाखवायचे, ही चारही कामे एका बैठकीत करावी लागतात. कानाच्या तयारीच्या तासाला आपण हेच करून घेतो. फरक एवढाच की इथे उत्तर बरोबर आले हे गुरुजी सांगत नाहीत, ते समोरच्या वस्तूत झालेल्या बदलावरून समजते.

वरच्या पातळीवर कोणाला जायचे असेल तर एक सूचना करतो. नुसता सूर ऐकून ‘हा धैवत’ असे सांगणारा कान फार थोड्यांना लाभतो आणि त्याची इथे गरज नाही. काठीवर आपल्याला हवा तो सूर वाजवून पाहता येतो, तेव्हा आधी षड्ज वाजवून तो गुणगुणत राहावा आणि मग समोरच्या सुरावटीची त्याच्याशी तुलना करावी. तानपुऱ्याच्या साथीने बसण्याची सवय असलेल्या मुलांना हे काम इतरांपेक्षा लवकर साधेल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : मुंबईत नोकरी करणाऱ्या भावाने मला हा खेळ विकत घेऊन दिला. पात्रे इंग्रजीत बोलतात, चित्रे छान आहेत, पण गोष्ट एकदम मध्येच सुरू झाल्यासारखी वाटते. काही भाग गाळला आहे का? आणि पार्श्वसंगीत इतके ओळखीचे का वाटते? — एक वाचक, मालवण

उत्तर : गोष्टीचा पूर्वार्ध खेळात नव्हताच, तो खोक्यातल्या ध्वनिफितीवर होता. सुमारे अर्ध्या तासाची ती श्राव्य नाटिका बॉबिनच्या आईची, लेडी सिग्नाची, आणि बॉबिनच्या जन्माची हकिकत सांगत असे. तेव्हाच्या खेळणाऱ्याने ती आधी ऐकावी अशी अपेक्षा होती, आणि पहिल्या दृश्यात बॉबिनला वाढवणारी वृद्ध डेम हेचेल व बेटावरचे इतर लोक जे बोलतात ते त्या माहितीवरच उभे आहे. ध्वनिफितीविना विकत घेणाऱ्याला सुरुवात तुटक वाटते याचे कारण हेच.

आपल्याजवळ आहे ती १९९२ सालच्या सीडीवरची बोलती आवृत्ती असावी. स्टीमवर २००९ सालापासून तीच विकली जाते. तिच्यात २५६ रंग आहेत आणि पात्रांना आवाज दिलेले आहेत, पण त्यासाठी संवाद नव्याने लिहिले गेले आणि बरेचसे आटोपशीर करण्यात आले. १९९० सालच्या मूळ आवृत्तीला १६ च रंग होते. मार्क फेरारी या चित्रकाराने त्या १६ रंगांचे बारीक ठिपके शेजारी शेजारी मांडून जी निळी-जांभळी रात्र उभी केली, ती पाहिल्यावर रंगांची संख्या वाढल्याने काय मिळाले, असा प्रश्न मला तरी पडतो. ज्यांना मूळ आवृत्तीच्या फायली वैध मार्गाने मिळाल्या आहेत त्यांनी असे जुने खेळ आजच्या यंत्रांवर चालवणारा स्कमव्हीएम हा मोफत कार्यक्रम वापरावा. तो विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड फोनवरही चालतो. फोनवर खेळणार असाल तर कानाला इअरफोन लावा, नाहीतर फोनच्या लहानशा भोंग्यातून खर्जाकडचे सूर चेपून येतात आणि सा-रे मध्ये गल्लत होते.

संगीत ओळखीचे वाटते कारण ते चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’ या बॅलेतले आहे. चायकोव्हस्कीने ते १८७५-७६ मध्ये रचले आणि १८७७ साली मॉस्कोत त्याचा पहिला प्रयोग झाला. हंस होऊन उडून गेलेल्या माणसांची गोष्ट सांगताना हंसांच्याच बॅलेचे संगीत निवडले, ही निवड सुरेख आहे. पण काठीचे चार सूर त्याच्यावर चढून वाजतात तेव्हा कान दोन ठिकाणी ओढला जातो. वरच्या पातळीवर खेळणाऱ्यांना ही गोष्ट जाचते. अशा वेळी त्या दृश्यातले संगीत संपून शांतता होईपर्यंत थांबावे आणि मगच वस्तूला पुन्हा हात लावावा.

प्रश्न : ओंडक्यावर बसून बेटाबाहेर पडलो, पण समुद्रात पाण्याची वावटळ आडवी येते आणि पुढे जाऊ देत नाही. उघडणे, रिकामे करणे, रंगवणे, सगळे करून पाहिले. — एक विद्यार्थी, देवगड

उत्तर : तू ज्यांना विचारतो आहेस त्यांच्यापैकी कोणालाही उत्तर ठाऊक नाही, ते वावटळीलाच ठाऊक आहे. तिच्यावर टिचकी मार आणि ती काय वाजवते ते ऐक. ती सुरावट पीळ घालण्याची आहे. वावटळ म्हणजे पिळलेले पाणी, तेव्हा पीळ उलगडायला तेच चार सूर शेवटाकडून वाजव. किनाऱ्यावर वाढलेल्या मुलाला याहून अधिक सांगायला नको.

एवढे लक्षात ठेव की आजवर शिकलेली कुठलीही सुरावट वाया जात नाही. ओंडका तुला कसा मिळाला ते आठव : उघडण्याची सुरावट अंड्यावर चालते तशीच ती आभाळावरही चालली आणि वीज पडून झाड समुद्रात कोसळले. कापड हिरवे करण्याची सुरावट आता निरुपयोगी वाटते आहे, पण ती मेंढपाळांच्या कुरणात कामी येईल. कशी, ते इथे छापणार नाही.

प्रश्न : या खेळाचा पुढचा भाग निघाला आहे का? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : नाही. ‘फोर्ज’ आणि ‘द फोल्ड’ या नावांनी आणखी दोन खेळ करण्याची कल्पना होती. पहिल्याच्या नावावरून तो लोहारांकडे वळला असता हे कळतेच. दोन्ही कधी झाले नाहीत. ‘लूम’च्याच वर्षी, १९९० साली, आलेल्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या खेळात मात्र गुत्त्यात बसलेला एक समुद्री चाचा छातीवर ‘मला लूमविषयी विचारा’ असा बिल्ला लावून भेटतो. विचारले की तो अगदी विक्रेत्याच्या थाटात या खेळाची लांबलचक जाहिरात करू लागतो. अलिबागच्या वाचकाने त्याला एकदा जरूर विचारावे.